शिक्का कोणाच्या हाती?

जुनी मराठी कागदपत्रे चाळण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना एक गोष्ट जाणवली असेल. शिवकालीन वा पेशवेकालीन राजपत्रांवर आज आपण जिला सही म्हणतो, ती सहसा नसते. मजकूर कारकुनाच्या वळणदार मोडीत असतो. माथ्यावर मुद्रा असते आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब असते. मोर्तब अशासाठी, की त्यापुढे कोणी पदरची ओळ घुसडू नये. पत्र कोणाच्या हुकमाने निघाले हे मुद्रा सांगे आणि ते कुठे संपले हे मोर्तब सांगे. साताऱ्याचे छत्रपती पेशवाईची वस्त्रे देत, तेव्हा त्यांबरोबर शिक्केकट्यारही देत. शिक्का ज्याच्या हाती, त्याच्या हाती कारभार. शिक्का काढून घेतला, की पद गेलेच म्हणून समजावे.

सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात सही आली ती बरीच नंतर, इंग्रजी अमलातल्या कचेऱ्या, कोर्टे आणि बँका यांच्यामागोमाग. शिक्क्यापेक्षा सहीचा एक गुण मोठा होता. ती माणसाच्या हातात असते. ती पेटीत ठेवता येत नाही, कोणाला उसनी देता येत नाही. तिची नक्कल होऊ शकते, पण मूळ सही करायला माणूस स्वतः बसावा लागतो आणि बसलेला माणूस निदान कागदाकडे एकदा पाहतो तरी.

आता गेल्या पंचवीस वर्षांत इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी आली आणि व्यापारउदिमात तिने बघता बघता मूळ धरले. तिच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. कागद वाचतो, वेळ वाचतो, कुरिअरचा खर्च वाचतो. हे सगळे खरे आहे. परंतु तिचे नाव आपली दिशाभूल करते असे मला वाटते. नावाने ती स्वाक्षरी असली, तरी स्वभावाने ती शिक्का आहे. आपण सहीकडून पुन्हा शिक्क्याकडे आलो आहोत आणि शिक्का सांभाळायचा कसा, हे मात्र विसरून गेलो आहोत.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यातली कित्येक वर्षे एका हातात चेक आणि दुसऱ्या हातात नमुना सहीचे कार्ड धरून मी दोन्हींची तुलना करीत बसलो आहे. त्या कामातला सर्वांत क्लेशकारक प्रसंग लबाडाचा नसे, तो प्रामाणिक माणसाचा असे. सत्तरी उलटलेले गृहस्थ स्वतःच्या पेन्शनचे पैसे काढायला येत. हात कापे. वीस वर्षांपूर्वीच्या नमुन्यातला डौलदार फराटा आता जमत नसे. समोरचा माणूस तोच आहे हे मला दिसत होते, तरी नियमाने मला म्हणावे लागे, "आजोबा, सही जुळत नाही, पुन्हा करा." स्वतःच्याच नावाची परीक्षा तीन-तीन वेळा देणारी ती माणसे आठवली, की सहीचे गोडवे गाण्याचा मोह आवरतो. हाताचे वळण ही माणसाची ओळख मानण्यात मोठा कच्चेपणा होता. नव्या पद्धतीचे मी मनापासून स्वागत करतो ते यासाठी.

दोन किल्ल्यांचे कुलूप

ही नवी पद्धत चालते कशी, हे थोडक्यात पाहू. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक विलक्षण कल्पना मांडली. आजवर कुलपाला किल्ली एकच असे. यांनी म्हटले, जोडीच्या दोन किल्ल्या असाव्यात. एकीने जे बंद होईल ते फक्त दुसरीने उघडावे. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी गणिती रीत शोधली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार करणे संगणकाला सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे जवळजवळ अशक्य, या साध्या गोष्टीवर तिचा डोलारा उभा आहे.

यातली एक किल्ली माणसाने स्वतःपाशी गुप्त ठेवायची आणि दुसरी जगाला देऊन टाकायची. कागदावर, म्हणजे संगणकातल्या दस्तऐवजावर, सही करायची झाली की संगणक आधी त्या संपूर्ण मजकुराचा एक छोटा ठसा काढतो. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी हा ठसा पार बदलतो. तो ठसा गुप्त किल्लीने बंद केला, की झाली डिजिटल स्वाक्षरी. समोरचा माणूस जाहीर किल्लीने तो उघडतो आणि हाती असलेल्या मजकुराच्या ठशाशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले तर दोन गोष्टी सिद्ध झाल्या: सही त्याच किल्लीची आहे आणि सही झाल्यावर मजकुरात काडीचाही फरक झालेला नाही. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की पहिले काम मुद्रेचे आणि दुसरे मोर्तबाचे आहे.

ती जाहीर किल्ली अमुकच माणसाची, याची ग्वाही द्यायला कोणी तरी लागते. ते काम सरकारने परवाना दिलेल्या प्रमाणन संस्था करतात. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि या स्वाक्षरीला हाताच्या सहीचा दर्जा मिळाला. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कागदावर सही करून तिचा फोटो काढायचा आणि तो पत्राखाली चिकटवायचा, याला पुष्कळजण डिजिटल सही समजतात. ते सहीचे चित्र आहे. ते कोणीही उचलून कुठेही चिकटवू शकतो. वाद झालाच, तर ते खरे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्यावर विसंबणाऱ्यावर पडते.

धंद्याला काय मिळाले?

भोसरी, सातपूर किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा लघुउद्योजक डोळ्यांपुढे आणा. माल वेळेवर पोचतो, बिल वेळेवर जाते, पण पैसे येत नाहीत. चौकशी केली, की ठरलेली उत्तरे मिळतात. साहेब दौऱ्यावर आहेत. बिल वरच्या टेबलावर आहे. सहीसाठी ठेवले आहे. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण कायद्याच्या आणि पैशाच्या मध्ये ती एक सही अडून बसते. तेवढ्यात कामगारांचा पगार येतो, बँकेचा हप्ता येतो आणि घरातले सोने गहाण पडते. आपल्या कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबांनी हे भोगलेले आहे.

यावर तोड म्हणून रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली 'ट्रेड्स' नावाची व्यवस्था २०१७ पासून सुरू झाली. लघुउद्योजकाने बिल संगणकावर चढवायचे, खरेदीदार कंपनीने ते तिथेच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मान्य करायचे. मान्यतेचा शिक्का बसला, की त्या बिलावर पैसे द्यायला बँका आपापसांत बोली लावतात. कमी व्याजाची बोली उद्योजकाने स्वीकारली, की रक्कम त्याच्या खात्यात आणि मुदत भरल्यावर वसुली परस्पर कंपनीकडून. कंपनी बुडाली तरी बँकेने उद्योजकाच्या मागे लागायचे नाही. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना येथे नोंदणी आता बंधनकारक आहे. मात्र नोंदणी बंधनकारक असली, तरी बिल तिथे मान्य करण्याची सक्ती नाही. म्हणजे सहीची सबब गेली, नियतीचा प्रश्न उरला.

दुसरे उदाहरण निविदांचे. पूर्वी सरकारी कचेरीत निविदांची पेटी असे आणि त्या पेटीपर्यंत पोचणे हीच मोठी मर्दुमकी होती. नको असलेल्या ठेकेदाराला दारातच अडवणारी मंडळी दबा धरून असत. आज निविदा डिजिटल स्वाक्षरीने घरबसल्या भरता येते आणि ठरल्या वेळेआधी ती कोणाला उघडता येत नाही. कंपन्यांची विवरणपत्रे २००६ पासून याच पद्धतीने दाखल होऊ लागली. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांच्या व्यापारी बिलांवर २०२३ च्या ऑगस्टपासून जीएसटीच्या यंत्रणेची डिजिटल मोहर लागते. शेतकऱ्याचा सातबारासुद्धा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीने मिळू लागला. त्यासाठी तलाठ्याच्या सहीकरिता घालाव्या लागणाऱ्या खेपा ज्यांनी घातल्या आहेत, त्यांना या एका सुधारणेची किंमत निराळी सांगायला नको.

म्हणजे शक्यता मोठी आहे आणि ती कागदावर राहिलेली नाही. पुण्यातला पुरवठादार आणि चेन्नईतला ग्राहक यांचा करार एका दुपारी होतो. मुद्रांक शुल्क त्यामुळे चुकत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. सही कोणत्याही पद्धतीची असो, शुल्क भरावेच लागते. मृत्युपत्र आणि विश्वस्तनिधीचे दस्त कायद्याने अजून या पद्धतीबाहेर ठेवले आहेत. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या समोरची सही लागते आणि ते योग्यच आहे, असे माझे मत आहे.

ड्रॉवरमधले शिक्के

इतके सगळे चांगले असताना माझी तक्रार काय? ती समजण्यासाठी कोणत्याही शहरातल्या कर सल्लागाराच्या किंवा हिशेबनिसाच्या कार्यालयातला एखादा ड्रॉवर उघडून पाहावा. त्यात पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या डिजिटल स्वाक्षऱ्यांचा ढीग सापडेल. प्रत्येकीला रबरबँडने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर अशिलाचे नाव आणि त्याखाली पिन नंबर. कपाटाची किल्ली कपाटालाच अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. यात सल्लागाराचा हेतू वाईट नसतो. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता विवरणपत्र भरायचे असते, अशील फोन उचलत नसतो. म्हणून तो म्हणतो, "वहिनी, तुम्ही कशाला धावपळ करता? डोंगल असू द्या ऑफिसातच." वहिनींनाही ते सोयीचे वाटते.

या वहिनी कोण? आपल्याकडच्या हजारो छोट्या कंपन्यांत दुसरी संचालक म्हणून पत्नीचे, आईचे किंवा वहिनीचे नाव असते. खाजगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात, म्हणून घरातले नाव दिले जाते. पूर्वी निदान कागद तिच्यापुढे येत. "इथे सही कर" एवढेच सांगितले जाई हे खरे, पण कागद घरात येई, तिच्या हाताखालून जाई, कधी तरी ती विचारी, "हे कशाचे आहे?" आता तेवढेही उरले नाही. ती स्वयंपाकघरात असते आणि तिची स्वाक्षरी दुसऱ्याच्या ड्रॉवरमधून कर्जाच्या कागदांवर, ताळेबंदावर, जाहीरनाम्यावर उमटत असते. कागदाला सही लागते, सही करणारी लागत नाही.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार गुप्त किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे हे स्वाक्षरीधारकाचे कर्तव्य आहे. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, तर तसे प्रमाणन संस्थेला विनाविलंब कळवायचे आणि कळवीपर्यंतची जबाबदारी त्याच्याच शिरावर. "मला माहीत नव्हते, ते सगळे आमचे हे बघतात," असे सांगून सुटका होत नाही. तीन वर्षे सलग हिशेब दाखल न करणाऱ्या कंपन्यांच्या तीन लाखांहून अधिक संचालकांना केंद्र सरकारने २०१७ मध्ये अपात्र ठरवले. त्या यादीत खरोखर कारभार पाहणारा कोण आणि नावापुरता कोण, असा भेद नव्हता. नावापुरते असणे ही ढाल होऊ शकत नाही.

आधारवरून होणारी ई-सही याहून सोपी आणि म्हणून याहून नाजूक. तिच्यात पेनड्राइव्हही लागत नाही. मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरला की त्या एका सहीपुरती किल्ली तयार होते, सही होते आणि किल्ली नष्ट होते. म्हणजे ते सहा आकडे हीच तुमची सही. ओटीपी फोनवर सांगणे आणि कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून देणे यांत आता फरक राहिलेला नाही.

थोरामोठ्यांनाही ही जाणीव एकदम होत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ३० जून २००० रोजी फिलाडेल्फियात इलेक्ट्रॉनिक सह्यांच्या कायद्यावर कार्ड वापरून इलेक्ट्रॉनिक सही केली. त्यासाठीचा परवलीचा शब्द होता 'बडी', म्हणजे त्यांच्या कुत्र्याचे नाव. ते नाव साऱ्या देशाला ठाऊक होते! समारंभ होता म्हणून निभावले. कायद्यावरची खरी सही त्यांनी नेहमीप्रमाणे पेनानेच केली.

अंगठा आणि वाचून दाखवणे

सही नाकारता येऊ नये, ही व्यापाराची फार जुनी गरज आहे. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या कामासाठी मालपुरवठ्याचा करार राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी केला. ठेकेदाराने पुढे "ही सही माझी नाही" म्हणू नये, म्हणून हर्शलने कचेरीच्या शिक्क्याची शाई त्याच्या तळहाताला लावून पंजा कागदावर उमटवून घेतला. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राची सुरुवात जिथून मोजतात, त्यात हा एक व्यापारी करार आहे. एके काळी 'अंगठेबहाद्दर' ही आपल्याकडे शिवी होती. आज भाडेकराराच्या नोंदणीसाठी घरमालक डॉक्टर आणि भाडेकरू इंजिनिअर दोघेही निमूटपणे यंत्रावर अंगठा टेकवतात.

पण अंगठा खरा असला म्हणजे व्यवहार खरा होतो का? याचे उत्तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून मिळवले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे. त्या रोख्यांवरच्या निशाण्या पुष्कळदा खऱ्या होत्या. खोटी होती ती समजूत. कागदात काय लिहिले आहे हे ज्याने निशाणी केली त्यालाच ठाऊक नसे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला नेहमीच थोर वाटत आली आहे. शेतकऱ्याने करून द्यायचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा, तो त्याला वाचून दाखवावा आणि मगच त्याची निशाणी घ्यावी. परक्या सरकारलासुद्धा एवढे उमगले होते, की सही ही शेवटची पायरी आहे, तिच्याआधी समजणे नावाची एक पायरी असते.

आजचे तंत्र 'कोणी' आणि 'काय' या दोन प्रश्नांची उत्तरे विलक्षण अचूक देते. 'समजून केली का?' या तिसऱ्या प्रश्नाला मात्र ते गप्प असते. मोबाइलच्या हाताएवढ्या पडद्यावर चाळीस पानांचा इंग्रजी करार येतो आणि खाली 'मान्य' असे बटण असते. आपण बटण दाबतो. १८७५ च्या शेतकऱ्याला अक्षर येत नव्हते. आपल्याला येते, पण आपण वाचत नाही. सावकाराला याहून अधिक काय हवे?

समाधानाची गोष्ट अशी, की ती जुनी तरतूद नव्या रूपात परत आली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जदार आणि लघुउद्योजक यांना कर्ज देताना व्याज, शुल्क आणि अटी यांचे एक संक्षिप्त विवरणपत्र द्यावे लागते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे आणि त्यातला मजकूर त्याला समजावून सांगावा, असे नियम सांगतो. मुदत सात दिवसांची वा अधिक असेल, तर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. बँकेच्या काउंटरमागे आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो, मागितल्याशिवाय अशी पत्रके फारशी हलत नाहीत. मराठीतून मागा. तीन दिवस घ्या. बँकेतला माणूस घाई करू लागला, तर तेवढ्यासाठी आणखी एक दिवस घ्या.

आणि घरातला शिक्का घरात आणा. आपल्या नावाची डिजिटल स्वाक्षरी कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, हे आजच फोन करून विचारा. ती आणल्यावर पिन बदला. तिची मुदत कधी संपते ते पाहा, गरज नसेल तर रद्द करून घ्या. ज्या बाईचे नाव कंपनीत आहे, तिच्याच हाती तिची किल्ली द्या आणि महिन्यातून एकदा संगणकापुढे बसून कोणत्या कागदावर तिचे नाव जात आहे ते तिला वाचून दाखवा. नंतर ती स्वतःच वाचू लागेल आणि प्रश्नही विचारील. काहींना ते गैरसोयीचे वाटेल. पण ज्या धंद्यातल्या कागदांबद्दल घरातल्या माणसाने विचारलेला प्रश्न सहन होत नाही, त्या धंद्याच्या कागदांवर त्या माणसाचे नाव असूच नये.

छत्रपतींनी शिक्केकट्यार दिली, ती माणूस पारखून, दरबार भरवून, साऱ्यांच्या देखत दिली. आपण आपला शिक्का रबरबँड लावून देतो. कायदा झाला, यंत्रे आली, वेग आला. आता शिक्का सांभाळण्याची रीत तेवढी यायची आहे आणि ती कोणत्याही प्रमाणन संस्थेकडून मिळणारी नाही.